वाचकांचे प्रश्न: रक्ती हगवणीवर लसूण-ओवा चालतो का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टरसाहेब, सांवेरकडे आमचा छोटा शेड आहे, झाबुआहून आणलेली ३५० कडकनाथची पिल्लं आहेत, आता ५ आठवड्यांची झालीत. सलग पाऊस झाला नि एका बाजूचं लिटर (जमिनीवर अंथरलेलं तूस) पूर्ण ओलं झालं, आता विष्ठेत रक्त दिसतंय, पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात बसतात, रोज चार-पाच मरतायत. मोबाईलवर एका व्हिडिओत सांगितलं की लसूण, हळद, ओवा, कडुलिंब सगळं वाटून दाण्यात मिसळा, इंग्रजी औषधाला हातसुद्धा लावू नका. माझी गिऱ्हाइकं पण बिनऔषधाची कोंबडी म्हणूनच घेतात. काय करू? (एक वाचक, इंदूर)

उत्तर: दादा, आधी फक्त आजचं बोलू, लसूण-ओव्याचं मग. तुम्ही लिहिलंय त्यावरून ही रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस वाटते. आज मेलेलं एखादं ताजं पिल्लू महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात नाहीतर जवळच्या सरकारी पशु दवाखान्यात घेऊन जा नि उघडून बघायला सांगा. आतड्याच्या शेवटी ज्या दोन आंधळ्या पिशव्या असतात त्या रक्ताने भरलेल्या निघाल्या तर तो या आजाराचा परजीवी आयमेरिया टेनेला, आणि आतड्याचा मधला भाग फुगून त्यावर पांढरे-लाल ठिपके दिसले तर त्याचीच दुसरी जात, आयमेरिया नेकॅट्रिक्स. दोन्ही जाती पिल्लांना मारतात. मेलेलं पिल्लू रात्रभर ठेवून नेऊ नका, सडल्यावर काही कळत नाही.

निदान पक्कं झालं की त्याच दिवशी पाण्यातून अ‍ॅम्प्रोलियम हे औषध सुरू करा, २० टक्केवाली पावडर असेल तर एक लिटर पाण्याला साधारण १.२ ग्रॅम, ५ दिवस, त्यानंतर पाव मात्रा आणखी एक-दोन आठवडे, पण पाकिटावरचं प्रमाण वाचा आणि तुमच्या डॉक्टरांना विचारूनच द्या. त्या दिवसांत दुसरं पाणी ठेवू नका. आणि एक गोष्ट बरेच जण करतात ती करू नका, पिल्लं अशक्त दिसतात म्हणून त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स टाकतात. अ‍ॅम्प्रोलियम हे दिसायला जीवनसत्त्व बी-१ सारखंच असतं, परजीवी फसून ते घेतो नि बी-१ वाचून उपाशी मरतो, तुम्ही वरून बी-१ ओतलं तर औषधाचा जोरच जातो. जीवनसत्त्व अ आणि के मात्र द्या, आतडं भरून यायला आणि रक्त थांबायला मदत होते.

आता तुम्ही म्हणाल डॉक्टर सरळ औषधावरच आले. हो, कारण आजारी पिल्लू दाणा खात नाही, पाणी पितं. दाण्यात किती पण चांगली वनस्पती मिसळा, ज्याला गरज आहे त्याच्या पोटात ती जाणारच नाही, निरोगी पिल्लंच खाऊन टाकतील. दुसरं म्हणजे वेळ. पिल्लाने परजीवीचं अंडं गिळलं की तो आतड्याच्या पेशीत शिरतो, आत वाढतो, पेशी फोडून बाहेर येतो, परत नव्या पेशीत शिरतो, आणि रक्त दिसायला लागतं चौथ्या-पाचव्या दिवसानंतर. म्हणजे तुम्हाला लाल विष्ठा दिसते तेव्हा आतलं नुकसान बरंचसं होऊन गेलेलं असतं. तिथे ओवा देणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. ज्या व्हिडिओत रक्त पडत असताना औषधाला हात लावू नका सांगतात त्याचा मला मनापासून राग येतो, कारण त्या सल्ल्याने पिल्लं मरतात आणि पैसा तुमच्यासारख्या छोट्या माणसाचा जातो.

पण म्हणून वनस्पती बोगस आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. त्यांची जागा आजाराच्या आधीची आहे. ओव्यात थायमॉल असतं, बाहेरच्या महागड्या ओरेगॅनो तेलात कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल असतं, म्हणजे कंपन्या जे बाटलीत विकतात त्यातला एक मुख्य घटक आपल्या नीमच मंडीत पोत्याने मिळतो. ही द्रव्यं परजीवीच्या आवरणाला इजा करतात आणि आतड्यातले वाईट जिवाणू पण दाबतात. आर्टेमिसिया अ‍ॅनुआ नावाचं झुडूप आहे, त्यातल्या आर्टेमिसिनिनवर मलेरियाचं औषध निघालं आणि त्या शोधासाठी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं, आता मलेरियाचा परजीवी आणि कोंबडीचा आयमेरिया हे दोघे एकाच मोठ्या गटातले, त्यामुळे हे झुडूप कोंबड्यांवर पण तपासलं गेलं आणि सुकवलेला पाला दाण्यात दिल्यावर टेनेलाच्या जखमा कमी झालेल्या दिसल्या. हळदीचं वेगळं आहे, अमेरिकेतल्या जुन्या प्रयोगांत तिचा उपयोग आतड्याच्या वरच्या नि मधल्या भागातल्या जातींवर दिसला पण टेनेलावर नाही. म्हणजे तुमच्याकडे टेनेला निघाला तर एकट्या हळदीच्या भरवशावर राहू नका. लसूण भूक आणि प्रतिकारशक्तीसाठी चांगला, मंदसौर जवळ आहे तर स्वस्तात मिळेल. कडुलिंबाचा पाला मी पिल्लांना दाण्यात द्यायला सांगत नाही, कडूपणाने ती दाणाच कमी खातात आणि वजन जातं.

पुढच्या लॉटला असं करा, दुसऱ्या आठवड्यापासून एक किलो दाण्याला ५ ग्रॅम ओव्याची ताजी पूड, हवी तर त्याच्यासोबत ५ ग्रॅम हळद, बस. सगळ्या वस्तू एकदम घालू नका, मग कशाने फायदा झाला नि कशाने दाणा कमी खाल्ला काहीच कळत नाही. ओवा दळून महिनाभर ठेवला की वास उडतो, वास उडाला म्हणजे कामाचं तेल उडालं, तर आठवड्यापुरताच दळा आणि डब्याचं झाकण घट्ट लावा. घरगुती पाल्याची हीच अडचण आहे, कुठे वाढला, कधी तोडला, उन्हात वाळवला की सावलीत यावर आतलं द्रव्य बदलतं, म्हणून एकाला गुण येतो नि शेजाऱ्याला येत नाही. दर आठवड्याला दहा-वीस पिल्लांचं वजन करून वहीत लिहा.

कडकनाथला एक फायदा आहे. ती हळू वाढणारी जात, ब्रॉयलरसारखी ४०-४२ दिवसांत जात नाही, चार-पाच महिने तरी तुमच्याकडे राहते, म्हणजे तिला स्वतःची प्रतिकारशक्ती यायला वेळ मिळतो. थोडा-थोडा परजीवी पोटात जाऊनच ती येते, आणि ज्या जातीचा परजीवी गेला त्याच जातीविरुद्ध येते. वनस्पती परजीवी पूर्ण संपवत नाही, कमी करते, आणि माझ्या मते देशी कोंबडीसाठी तेच बरं आहे.

पण खरं काम लिटरचं आहे आणि ते कुठल्याच पाल्याने होत नाही. विष्ठेतून पडलेलं परजीवीचं अंडं लगेच आजार देत नाही, त्याला ओल, हवा आणि २५ ते ३० अंश तापमान मिळालं की एक-दोन दिवसांत ते तयार होतं, आणि आपल्या माळव्यात जुलै-ऑगस्टमध्ये हे तिन्ही फुकट मिळतं. म्हणून ओलं झालेलं लिटर आजच फावड्याने काढून लांब टाका, तिथे कोरडं तूस घाला, रोज सकाळी खालवर करा. मूठभर लिटर दाबून बघा, गोळा तसाच राहिला तर ओलं आहे. ड्रिंकर (पाण्याचं भांडं) कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगा, अर्धी ओल तिथूनच होते. पावसाच्या बाजूला पडदा लावा पण वरून हवा जाऊ द्या, सगळा शेड बंद केला तर अमोनियाने डोळे जातील. फिनाईलने हे अंडं मरत नाही, ब्लीचिंगने पण नाही, लॉट गेल्यावर फरशी खरडून कोरडी करा नि ब्लो-लॅम्पने जाळून काढा.

आणि गिऱ्हाइकांचं. आधी फीडच्या पोत्याचं लेबल वाचा, त्यावर सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन लिहिलेलं असेल तर ती रक्ती हगवणीचीच औषधं आहेत आणि तुमची कोंबडी आधीपासूनच बिनऔषधाची नव्हती. (तो दाणा घोड्याला चुकून पण देऊ नका, मोनेन्सिनने घोडा मरतो, सांवेर-देपालपूरकडे एकाच अंगणात घोडी नि कोंबड्या असतात म्हणून सांगतोय.) या लॉटला औषध दिलंत ते गिऱ्हाइकाला सांगा, पाकिटावर लिहिलेले दिवस थांबून मगच विका. आजारी पिल्लाला औषध दिलं यात लाजण्यासारखं काही नाही, लपवण्यात आहे.

प्रश्न: राऊला आमच्या बंगल्याच्या मागे आठ-दहा देशी कोंबड्या आहेत, विष्ठेत पांढरे लांब जंत दिसतात. पपईच्या बिया दिल्या तर चालतील का? अंडी घरातच खातो. (एक वाचक, राऊ)

उत्तर: ताई, शेवयांसारखे लांब गोल असतील तर तो अ‍ॅस्कॅरिडिया, चपटे तांदळासारखे तुकडे असतील तर पट्टकृमी, आधी नीट बघा कारण औषध वेगळं लागतं. पिपरॅझिन फक्त गोल जंतावर चालतं, पट्टकृमीवर नाही. पपईच्या चिकाचा गोल जंतांवर परिणाम होतो हे तपासलं गेलंय, बियांचा भरवसा त्याहून कमी, पण वाळवून कुटून दाण्यात थोड्या दिल्या तर नुकसान नाही. एवढे जंत बाहेर दिसतायत म्हणजे आत भरपूर आहेत, एकदा डॉक्टरांकडून औषध घ्या, किती दिवस अंडी खायची नाहीत तेही विचारा, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा परत द्या, कारण जंताचं अंडं कोंबडीच्या पोटात गेल्यापासून नवीन जंत अंडी घालायला लागेपर्यंत ५ ते ८ आठवडे लागतात. कोंबड्या रोज एकाच ओल्या कोपऱ्यात दाणे टिपत असतील तर जागा बदला, त्या मातीत जंताची अंडी महिनोन् महिने जिवंत राहतात.

प्रश्न: आर्टेमिसिया म्हणजे आपला चैत्रातला दवणाच ना? घरी आहे, कोंबड्यांना घालू का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर: नाही. दवणा त्याच घराण्यातला पण जात वेगळी, तो देवाला वाहा. आर्टेमिसिया अ‍ॅनुआची लागवड करायची असेल तर लखनौच्या सीमॅप या औषधी वनस्पतींच्या सरकारी संस्थेने जीवनरक्षा नावाचं वाण काढलंय, तिथे बियाण्याची चौकशी करा, रस्त्याकडेचं कुठलंही सुगंधी झुडूप उपटून दाण्यात घालू नका.