अंगणातला सोनचाफा भूगावला नेता येईल का?

प्रश्न: एरंडवण्यातला आमचा बंगला पाडून तिथे इमारत होणार आहे. अंगणात सासूबाईंनी लावलेला १५ वर्षांचा सोनचाफा आहे, बुंध्याचा घेर १३ इंच. तो भूगावच्या नव्या घरी नेता येईल का? जागा मेमध्ये द्यायची आहे. बिल्डर म्हणतो, "जेसीबीने अर्ध्या तासात काढून देतो."

उत्तर: अर्ध्या तासात काढून देईलच, पण पुढे काय? माझा पारिजातक मी असाच भर मेमध्ये हलवला होता. बुंध्याला साखळी लावून उचलला, तर साल सोलून निघाली. तरी आठ दिवस पानं टवटवीत, मी खूश. नवव्या दिवशी दुपारी सगळी पानं एकदम लोंबली.

तुमच्या हाताशी जानेवारी आहे, तो वाया घालवू नका. पण कुदळ मारण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा. झाड आपल्याच अंगणातलं असलं तरी १९७५ च्या कायद्याने परवानगी लागते.

घेर १३ इंच म्हणजे जाडी साधारण ४ इंच. मातीचा गोळा त्याच्या दहापट, म्हणजे सव्वातीन फूट रुंद हवा. परवानगी आली की त्या मापाने अर्ध्याच वर्तुळात दोन फूट खोल चर खणा. मुळं धारदार करवतीने कापा, पहारीने ठेचू नका. चर कंपोस्ट-मातीने भरून पाणी देत राहा. कापल्या जागी बारीक तंतुमुळं फुटतात, झाड पुढे त्यांच्यावरच जगतं. उरलेलं अर्धं वर्तुळ दोन महिन्यांनी. हलवायचं मृगाचा पाऊस पडल्यावर. बिल्डरकडून तेवढा कोपरा जूनअखेरपर्यंत मागून घ्या, अगदी लेखी.

गोळा गोणपाटात सुतळीने आवळून बांधा. वजन पाऊण टनाच्या आसपास भरेल, तेव्हा क्रेन लागेलच. पट्टे गोळ्याखालून घ्यायचे, बुंध्याला नाही. भूगावला खड्डा मुरमात असेल तर आदल्या दिवशी चार बादल्या पाणी ओतून बघा. सकाळी तसंच साचलेलं दिसलं तर जागा बदला. सोनचाफ्याची मांसल मुळं तुंबलेल्या पाण्यात कुजतात.

इतकं करूनही खात्री नाही. देवचाफा असता तर फांदी तोडून लावा म्हटलं असतं. सोनचाफा तुटलेल्या मुळांचा राग धरतो. म्हणून याच पावसाळ्यात शेजारी एक कलमी रोप लावून ठेवा. सासूबाईंना ते आवडणार नाही, तरी लावा.

आणि झाड काढण्याआधी खोडाच्या उत्तरेला चुन्याचा ठिपका द्या. नव्या जागी तो उत्तरेलाच यायला हवा, नाहीतर सावलीतली साल उन्हात येऊन भाजते.