नेट नको, नुसता फोन चालू पायजे

प्रश्न : ताई नमस्कार. मी जिंतूर तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी, वय ५७, सोयाबीन आन तूर एवढंच आमचं. घरात तीन मोबाईल हायेत, माझा, मंडळीचा आन पोरीचा, पोरगी परभणीला बीएस्सीला हाय, रोज एसटीनं अपडाऊन करती. तिन्हीला दर २८ दिवसाला २९९ चं रिचार्ज. यंदा तिन्हीचं एकाच आठवड्यात आलं आन त्याच आठवड्यात सोयाबीन काढणीच्या गुत्त्याचे पैसे द्यायचे होते, मनून माझा तसाच राहू दिला. आठ दिवसानं येणारे फोन बी बंद. मळणीयंत्रवाला मला फोन लावायला आन माझा लागंना, त्यानं मशीन दुसऱ्याच्या रानात नेलं, मला तीन दिवस थांबावं लागलं, वरून आभाळ आलेलं. दुकानदाराला म्हणलं मला नेट नको नुसतं बोलायचं मार, तर म्हणतो काका तसं काही नसतंय, नेट घ्यावंच लागतंय. मी दिवसभर रानात, रोजच्या दीड जीबीचं काय करू? टचचा मोबाईल इकून बटनाचा घ्यायचा इचार हाय. मंडळी म्हणती बँकेचे मेसेज बंद होतील, पीक पाहणी कशी करताल. काय करावं ते सांगा.
— एक वाचक, जिंतूर तालुका

उत्तर : काका, नमस्कार. सगळ्यात आधी एक गोष्ट, दुकानदारानं तुम्हाला सांगितलं ते चुकीचं आहे. नुसतं बोलायचं आणि मेसेजचं, नेट नसलेलं रिचार्ज मिळतं आणि ते ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. ट्राय म्हणजे मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिनं २३ डिसेंबर २०२४ ला नियम काढला, त्यात सगळ्या कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचं एक तरी व्हाउचर ठेवायला लावलं, आणि अशा पॅकची मुदत आधी ९० दिवसांपर्यंतच असायची ती ३६५ दिवसांपर्यंत करता येईल असं केलं. देशात तेव्हा साधारण १५ कोटी लोक बटणाचे फोन वापरत होते, म्हाताऱ्या माणसांना, खेड्यातल्या लोकांना न वापरलेल्या नेटचे पैसे का भरायला लावायचे, हाच तिथं मुद्दा होता. म्हणजे तुम्ही विचारलेला प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही.

जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी हे पॅक काढले. जिओचा ४४८ चा ८४ दिवसांचा आणि १७४८ चा ३३६ दिवसांचा, एअरटेलचा ४६९ चा ८४ दिवसांचा आणि १८४९ चा पूर्ण ३६५ दिवसांचा. सगळ्यात बोलणं अनलिमिटेड आणि थोडे मेसेज, नेट शून्य. भाव मागंपुढं होत असतात, तेव्हा दुकानात गेल्यावर आजचा आकडा विचारा, पण विचारताना "व्हॉइस ओन्ली" असा शब्द वापरा आणि त्याला मोबाईलमध्ये कंपनीचं ॲप उघडून दाखव म्हणा. हे पॅक ॲपमध्ये लई खाली असतात, वरच्या चार-पाच पॅकमध्ये दिसतच नाहीत, दुकानदाराला खरंच माहीत नसेल असं पण होऊ शकतं.

आता तुमचा हिशोब. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात १२ नाही १३ रिचार्ज होतात, हे आपल्या लक्षातच येत नाही. २९९ गुणिले १३ म्हणजे एका फोनचे ३,८८७ आणि तीन फोनचे ११,६६१ रुपये वर्षाला. कोरडवाहू माणसाच्या घरात ही रक्कम छोटी नाही काका, यात पेरणीचं बरंच काही निघतं. तुमचा आणि काकूंचा फोन वर्षाच्या १८४९ वाल्यावर टाकला आणि पोरीचा तसाच ठेवला तर सगळं मिळून ७,५८५ होतात, ४,०७६ रुपये वाचले. पण एक सांगते, २९९ सोडून जे १९९ च्या आसपासचं थोड्या नेटचं रिचार्ज मारतात त्यांना नेटशिवायच्या पॅकमध्ये फार काही वाचत नाही. ४६९ ला ८४ दिवस म्हणजे २८ दिवसाला १५६ रुपये पडतात, फरक फक्त ४०-४५ रुपयाचा. नेट काढून घेतलं तर दर अर्ध्याच्याही खाली यायला पाहिजे होता असं माझं स्पष्ट मत आहे, तसं झालं नाही. काही कंपन्यांनी तर आधी ज्या मोठ्या मुदतीच्या पॅकमध्ये थोडं नेट होतं तेच काढून त्या जागी हे आणले. नियम आला ते चांगलंच झालं, पण गरिबाच्या खिशाला जेवढा आराम पडायला पाहिजे होता तेवढा पडला नाही.

आणि हे कुठून कुठं आलं ते बघा. आधी लाईफटाईम सिम असायचं, एकदा पैसे भरले की येणारे फोन चालूच, बॅलन्स संपला तरी मिसकॉल येत होता. २०१८ च्या शेवटी एअरटेलसारख्या कंपन्यांचं ३५ रुपयांचं २८ दिवसाचं कमीत कमी रिचार्ज सुरू झालं, ते नाही मारलं की इनकमिंग बंद. मग २०२१ मध्ये आधी ७९ आणि मग ९९, २०२३ पर्यंत १५५ आणि ते पण २४ दिवसाला, जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर १९९. नुसता आपला नंबर जिवंत ठेवायचा म्हणून. तुम्ही रागानं मोबाईल विकायचं म्हणता तो राग मला शंभर टक्के पटतो.

पण विकू नका. थोडं थांबा, कारण नेटचे पैसे वाचवायला टचचा फोन सोडायची गरज नाही. नेट नसलेलं रिचार्ज टचच्या फोनातल्या सिमवर पण मारता येतं, ते बटणाच्या फोनसाठीच असतं असं नाही. तुमच्या सिमवर बोलायचं पॅक मारा, मोबाईलमधलं नेटचं बटण बंद करून टाका. पोरीच्या फोनात रोज दीड जीबी येतं, त्यातलं उरलेलं रात्री बाराला जातं, ते उद्याला जमा होत नाही. ती संध्याकाळी एसटीनं घरी आली की तिच्या फोनचं हॉटस्पॉट चालू करायचं आणि तुम्ही दोघांनी अर्धा तास काय ते बघून घ्यायचं, मोंढ्याचा भाव, हवामान, पाव्हण्याचे फोटो. तिला अभ्यासाला पण उरतं. माझ्या ओळखीच्या दोन-तीन घरात असंच चालतं आणि कुणाची अडचण होत नाही, फक्त यूट्यूबचा व्हिडिओ हॉटस्पॉटवर लावून कुणी झोपी जाऊ नये एवढं सांगून ठेवा.

तरी तुम्हाला बटणाचाच पाहिजे असेल, रानात पडला तरी फुटत नाही, चार्जिंग तीन-चार दिवस पुरतं, तर जरूर घ्या, पण घ्यायच्या आधी सिम कुठल्या कंपनीचं आहे ते बघा. जिओचं नेटवर्क ४जी आणि ५जीच आहे, टूजी नाहीच, म्हणून आठवडी बाजारात मिळणाऱ्या साध्या टूजी फोनात ते सिम घातलं तर रेंजच येणार नाही, त्याला ४जीचा बटणाचा फोन लागतो. एअरटेल, व्हीआयचं सिम साध्या फोनात चालतं. जिओभारत म्हणून एक बटणाचा फोन आहे, २०२३ ला आला तेव्हा ९९९ ला होता आणि त्याचं स्वतःचं रिचार्ज १२३ रुपये २८ दिवसाला, ते वर्षाला १,५९९ पडतं, म्हणजे नुसत्या बोलायच्या पॅकपेक्षा पण स्वस्त आणि वर थोडं नेट. पण ते रिचार्ज त्याच फोनात चालतं, सिम काढून दुसऱ्यात घातलं की नाही.

आणि टचच्या फोनातले नंबर आधी वहीत उतरवून घ्या. हे मी माझ्या आईच्या वेळी शिकले. आई सेलूला असते, तिनं टचचा फोन दोन वर्षं वापरला, बोट लागून भलतीकडंच फोन लागायचा, शेवटी म्हणाली मला माझा जुना दे. सिम काढून बटणाच्या फोनात टाकलं तर एक नाव नाही, सगळे नंबर गुगलच्या खात्यात होते, सिमवर काहीच नव्हतं. सिमचा तुकडा पण छोटा, जुन्या फोनच्या खाचेत बसेना, त्याला दुकानातून प्लास्टिकची चौकट आणली तेव्हा बसलं. मग एका दुपारी पेटीवर बसून आम्ही दोघींनी चाळीसेक नंबर हातानं भरले, मराठीत नावं टाकली तर नुसते चौकोन दिसायले म्हणून इंग्रजीत टाकली, आता आईला इंग्रजी वाचता येत नाही, तर २ दाबून धरला की मी, ३ दाबून धरला की मामा, ४ ला डॉक्टर. त्या फोनवरचा २ आकडा आता पुसून गेलाय, बटण नुसतं पांढरं दिसतं. तो फोन ती शिवलेल्या छोट्या पिशवीत घालून गळ्यात ठेवते आणि मी कधी पण लावला तरी दुसऱ्या रिंगला उचलते. तेवढ्यासाठी वर्षाचं रिचार्ज मी मारते आणि संपायची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवते.

काकूंनी विचारलेल्या दोन गोष्टी. बँकेचा मेसेज, आधारचा ओटीपी, लाडकी बहीणच्या केवायसीचा ओटीपी हे सगळं साध्या एसएमएसनं येतं, त्याला नेट लागत नाही, बटणाच्या फोनात पण येतं, फक्त सिम चालू पाहिजे. पीक पाहणीला, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद करायला, मात्र ॲप लागतं, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात हे सुरू आहे, पण फोन स्वतःचाच पाहिजे असं काही नाही, एका फोनवरून दुसऱ्या खातेदारांची नोंद करता येते. पोरीला रविवारी रानात न्या, दहा मिनिटात होतं. गावातला सहाय्यक पण करून देतो, तलाठ्याला विचारा. फोनमध्ये सातबाऱ्याचे, पावत्यांचे फोटो असतील तर ते पोरीच्या फोनात आधी पाठवून घ्या. पैसे पाठवायचं म्हणाल तर नेट नसताना *९९# डायल करून यूपीआय होतं, त्याला एटीएम कार्डाचे शेवटचे सहा आकडे लागतात पिन लावायला. ते तुमच्या सिमवर चालतंय का ते पोरीसमोर एकदा करून बघा, तिच्या गैरहजेरीत पहिल्यांदा करू नका.

एकदम १८४९ काढणं तुम्हाला आत्ता जमणार नाही हे मला कळतंय. हीच तर अडचण आहे, ज्याच्याकडं एकरकमी पैसे असतात त्याला दिवस ५ रुपयाला पडतो आणि ज्याच्याकडं नसतात तो २८-२८ दिवसाचं मारत साडेदहा रुपयानं भरतो. आत्ता ८४ दिवसाचं मारा. तूर विकली की त्या पैशातून दोघांचं वर्षाचं करून टाका, आणि तीन फोनच्या तारखा एकाच आठवड्यात येणार नाहीत अशा लावा.

प्रश्न : ताई, मी औंढा नागनाथ तालुक्यातली. माझे मिस्टर ऊसतोडीला गेले तेव्हा माझ्या मोबाईलला पाच-सहा महिने रिचार्ज मारलं नाही. आता मारायला गेले तर तो नंबर दुसऱ्याच कुणाच्या नावावर लागायलाय. बँकेत तोच नंबर आहे. लई भीती वाटायली.
— एक वाचक, हिंगोली जिल्हा

उत्तर : ताई, घाबरू नका पण उद्याच्या उद्या बँकेत जा. दुसरं कुठलंही काम त्याच्या नंतर. पासबुक, आधार घेऊन जा, अर्ज द्या की जुना नंबर काढा आणि नवीन घाला, अर्जाच्या झेरॉक्सवर बँकेचा शिक्का घ्या, कारण आता तुमच्या खात्याचे ओटीपी त्या अनोळखी माणसाकडं जातात. त्यानंतर आधार केंद्रावर जाऊन आधारचा नंबर बदला, तिथं अंगठा देऊन होतं, जुना नंबर लागत नाही. मग गॅस, रेशन.

नियम असा आहे की ९० दिवस सिमवरून काहीच झालं नाही, ना फोन ना मेसेज ना नेट, तर कंपनी नंबर बंद करू शकते. खात्यात २० रुपये बॅलन्स असेल तर ते कापून पुढचे ३० दिवस देतात, आणि बंद झाल्यावर पण १५ दिवस परत चालू करून घ्यायची सवलत असते. बंद झालेला नंबर निदान ९० दिवस दुसऱ्याला द्यायचा नाही असं आहे, त्यानंतर मात्र तो नवीन माणसाला जातो, त्यात त्या माणसाची काही चूक नसते, त्याला फोन करून भांडू नका. ऊसतोडीला घर बंद करून जाणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, जायच्या आधी बँकेला जोडलेल्या नंबरवर ८४ दिवसाचं नुसतं बोलायचं पॅक मारून जा आणि तिकडं एकदा परत मारा, उचलीतले तेवढे पैसे आधी बाजूला काढा.

प्रश्न : दुकानात २८ दिवसाचंच मिळतं. पूर्ण महिन्याचं नसतंच का?
— एक वाचक, औसा

उत्तर : असतं. ट्रायनं जानेवारी २०२२ मध्ये सांगितलंय की प्रत्येक कंपनीनं एक तरी ३० दिवसाचं आणि एक तरी दर महिन्याला त्याच तारखेला येणारं रिचार्ज ठेवायचं. कंपनीच्या ॲपमध्ये शोधा, नाहीतर कस्टमर केअरला फोन करून पॅकची रक्कम विचारा आणि दुकानात जाऊन ती रक्कमच सांगा.