रिपोर्टभर आर आणि त्रास काहीच नाही, तरी गोळी घ्यायची का?

अगं आधी शांत हो. गरोदरपणाचा एकोणिसावा आठवडा, लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) ई. कोलाय नावाचा जंतू एक लाखाच्या वर, ईएसबीएल पॉझिटिव्ह, निम्म्याहून जास्त औषधांपुढे आर (रेझिस्टंट, म्हणजे औषध लागू पडत नाही), आणि तुला ना जळजळ ना ताप. त्यात सासूबाई म्हणतायत धन्याचं पाणी पी, आणि नवरा म्हणतोय माझ्या सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या उरल्यात त्या घेऊन टाक. धन्याचं पाणी खुशाल पी, त्या गोळ्यांना मात्र हात लावू नकोस.

मी डॉक्टर नाही, पण १४ वर्षं लॅबमध्ये कल्चरच्या टेबलावर काढलीत, त्यामुळे तो कागद कसा तयार होतो ते सांगते, मग भीती कमी होईल. तारेच्या बारीक कडीने लघवीचा अगदी एक हजारांश मिली थेंब प्लेटवर ओढायचा आणि रात्रभर ३७ डिग्रीला ठेवायचा. सकाळी त्यावर १०० ठिपके उगवले तर एका मिलीत एक लाख जंतू, हा तुझा आकडा. मग तोच जंतू दुसऱ्या प्लेटभर पसरून वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवतात. औषध लागू पडत असेल तर दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ गोल दिसतो, चंद्राला खळं पडतं ना तसा, आणि नसेल तर जंतू टिकलीला खेटून उगवलेले असतात. ते खळं पट्टीने मोजून एस (औषध लागू पडतं) की आर लिहितात, बास. म्हणजे रेझिस्टन्स तुझ्या शरीरात नाही, त्या जंतूत आहे. ईएसबीएल म्हणजे हा जंतू असं एन्झाइम बनवतो की पेनिसिलिन आणि सेफालोस्पोरिनच्या कुळातली बरीचशी औषधं तो फोडूनच टाकतो, आणि सेफिक्झिम त्याच कुळातलं. चार गोळ्या गिळून हा मरणार नाही, पोटातले बिचारे साधे जंतू तेवढे मरतील आणि याला जागा मोकळी. (नवऱ्याला म्हणावं पाकिटावरची डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका सांगणारी लाल चौकट वाच, ती शोभेला नसते.)

आता त्रास नाही तर औषध कशाला? एरवी धडधाकट बाईला अशा वेळी औषध देतही नाहीत. गरोदरपणाचं गणित वेगळं, कारण प्रोजेस्टेरॉन या हार्मोनने मूत्रवाहिन्या सैल पडतात, वरून गर्भाशय दाबतं, लघवी साचून राहते आणि जंतू वर किडनीपर्यंत चढतो. १०० गरोदर बायकांत २ ते १० जणींना अशी गुपचूप लागण असते, आणि औषध न घेतलेल्यांपैकी २० ते ३० टक्के जणींना किडनीचं इन्फेक्शन व्हायचं असं जुने अभ्यास सांगतात. नवे आकडे कमी आहेत, पण मी तरी नशीब आजमावायला सांगणार नाही, कारण मी ते आजमावलंय.

माझ्या पहिल्या वेळी सातव्या महिन्यात, दिवसभर दुसऱ्यांच्या बाटल्या हाताळत होते आणि स्वतःचं सॅम्पल उद्या देऊ उद्या देऊ करत राहिले. एका रात्री दात वाजतील अशी थंडी, १०३ ताप, उजव्या कुशीत कळ (उजवी बाजूच जास्त दबते) आणि उलट्या. पहिलं इंजेक्शन लागूच पडलं नाही, कल्चर येईपर्यंत दोन दिवस गेले, तोवर पोटात कळा सुरू, बाळ लवकर येतंय की काय म्हणून सगळ्यांची धावपळ. मग मेरोपेनेम हे जास्त ताकदीचं अँटिबायोटिक लावलं तेव्हा कुठे ताप उतरला. लेक नीट वेळेवर झाली, पण ते दोन दिवस मी विसरत नाही.

तुझ्या कागदावर सिप्रो (सिप्रोफ्लॉक्सॅसिन) या अँटिबायोटिकसमोर आर आहे म्हणून रडू नकोस, ते गरोदरपणात तसंही टाळतात. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिनसमोर एस आहे हे बघ, तुझ्यासाठी कागदातली कामाची ओळ हीच. यातलं कुठलं आणि किती दिवस ते डॉक्टर ठरवतील, आजच रिपोर्ट दाखव. जी६पीडीची (रक्तातल्या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असेल तर नायट्रो चालत नाही आणि शेवटच्या आठवड्यांतही टाळतात, तुझा अजून एकोणिसावाच आहे. ताप, थंडी, कुशीत दुखणं यातलं काही झालं तर मात्र गोळीवर थांबायचं नाही, ही दोन्ही औषधं किडनीत पुरेशी पोचत नाहीत, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

कोर्स संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा कल्चर कर, हे निम्म्या बायका विसरतात. सॅम्पल देताना पुढून मागे साध्या पाण्याने धुऊन घे, पहिली धार सोडून मधली धर, बाटलीच्या आत बोट लावू नकोस आणि दोन तासांत लॅबमध्ये पोचव. आणि हो, नायट्रो दिलं तर जेवणावरच घे, नाहीतर मळमळतं, आणि लघवी गडद तपकिरी झाली तर रात्री अकराला मला मेसेज करू नकोस, ते गोळीनेच होतं.