हार्ट अटॅकनंतर रक्ताच्या रिपोर्टवरून पुढचा धोका कळतो का?

कळतो, पण एकच आकडा धरून बसू नका. वडिलांच्या डिस्चार्ज फाइलमधलं ट्रोपोनिन बघून तुम्ही घाबरलात, असं लिहिलंय. ट्रोपोनिन म्हणजे झालेल्या नुकसानीची पावती. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं आणि आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त दिवस वाढलेलंच दिसतं.

पुढचं विचाराल तर मी आधी एनटी-प्रोबीएनपी बघेन. हृदयाच्या कप्प्यांवर ताण आला की ते वाढतं. खूप वाढलेलं असेल तर हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडण्याचा, धोका जास्त. मात्र वय झालं किंवा किडनी मंदावली तरी ते वाढतं, आणि स्थूल माणसात कमी दिसतं. किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणाऱ्या बिचाऱ्या क्रिएटिनिनकडे घरचं कुणी बघत नाही, पण पुढचा धोका मोजायला डॉक्टर जो ग्रेस स्कोअर काढतात त्यात वय, नाडी, बीपीच्या जोडीला तेही असतं.

आमच्या बाबांचे रिपोर्ट तसे बरे होते, पण परळच्या चाळीत दुसरा मजला चढताना ते कठडा धरून थांबायचे. हे ऐकल्यावर डॉक्टरांनी लगेच टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला लावला. तुम्हीही फॉलोअपला जिन्याचं सांगा, आणि रात्री दम लागू नये म्हणून झोपताना किती उशा लागतात तेही.