नाटक गाजवलं तुम्ही, पण हक्क कुणाचे?

नट-नट्या निर्मितीत उतरू लागल्या की मला ठरावीक प्रश्नांची पत्रं येऊ लागतात. प्रश्न जुनेच, विचारणारे तेवढे नवे. ग्रीनरूममध्ये कुणी काहीतरी सांगितलेलं असतं आणि तोच कायदा समजून लोक पैसे लावून बसतात. म्हणून यातले काही प्रश्न एकत्र घेतो आहे. उत्तरं सर्वसाधारण आहेत, त्यांच्या जोरावर कुठे सही करू नका.

प्रश्न : नाटक काढायला कंपनी स्थापन करावीच लागते का?

नाही, एकल मालकीतही काढता येतं. पण दुसऱ्याचा पैसा घेणार असाल तर आधी सीएकडे जा, कारण एकल मालकीत संस्थेचं कर्ज म्हणजे तुमचंच कर्ज.

प्रश्न : चित्रपटाचं शीर्षक निर्मात्यांच्या संघटनेकडे नोंदवलं आहे. आता कथा सुरक्षित झाली ना?

नाही. ती सभासदांची आपसातली व्यवस्था आहे, कथेच्या हक्काशी तिचा संबंध नाही.

प्रश्न : एका नाटकात मी अनेक वर्षं मुख्य भूमिका करतो आहे. आता त्याचा चित्रपट काढायचा आहे. लेखक जवळचा मित्र. ‘नाटक तुझंच आहे, कर सिनेमा,’ असं तो सगळ्यांसमोर म्हणाला आहे. दोन गुंतवणूकदार तयार आहेत, दिवाळीनंतर चित्रीकरण. कागदपत्रं मागाहून केली तर चालतील का?

चालणार नाहीत. आणि दिवाळीचं विसरा.

कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे नाटकाचा पहिला मालक लेखक. नोकरीत असताना लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी, पण आपल्याकडे असं कितीसं होतं? नाटकाच्या निर्मात्याकडे सहसा प्रयोगांचा हक्क असतो. त्यात चित्रपटाचा हक्क आपोआप येत नाही. नट म्हणून तुमच्या सादरीकरणावर तुमचा हक्क आहे, पण सादरीकरणापुरताच. भूमिकेवर नाही, संहितेवर तर नाहीच. प्रयोगागणिक तुम्ही घातलेल्या पदरच्या वाक्यांना हशा मिळत असेल, पण त्यामुळे नाटक तुमचं होत नाही. उलट ती वाक्यं कुणाची, हा आणखी एक वाद तयार होतो.

हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी व्हावं लागतं. चारचौघांत दिलेला शब्द त्या जागी उभा राहत नाही. करारात मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही, तर हक्क भारतापुरता, मग अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांतले खेळ विसरा. आणि जे कलम कुणीच वाचत नाही ते असं : वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर हस्तांतरापासून वर्षभरात तुम्ही तो हक्क वापरला नाहीत की तो संपुष्टात येतो. चित्रपटाचे पैसे उभे राहायला इथे दोन-दोन, तीन-तीन वर्षं जातात. हक्क कधीच संपलेला आणि निर्माता लोकेशन बघत हिंडतोय, अशी प्रकरणं माझ्याकडे येतच असतात.

शिवाय तुमचं नाटक स्वतंत्र आहे की एखाद्या परभाषी नाटकावरून घेतलेलं? रूपांतर असेल तर मूळ लेखकाची परवानगी वेगळी, आणि ती केवळ मराठी प्रयोगांसाठी घेतलेली असण्याचीच शक्यता जास्त. गाणी असतील तर गीतकार आणि संगीतकार आणखी वेगळे. लेखक गेला तर त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. वारसांमध्ये तुमचा मित्र नसतो, मित्राचे जावईही असू शकतात.

मैत्री आहे म्हणून आत्ताच कागद करा. पिक्चर चालला की मागायला संकोच वाटेल आणि पडला की कुणी देणार नाही. कॉपीराइटची कामं करणाऱ्या वकिलाकडे जा, भाडेकरार करून देणाऱ्याकडे नको. गुंतवणूकदारांचा एक रुपयाही त्याआधी खात्यात घेऊ नका.

प्रश्न : संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र मिळालं, पण तालमीत दुसरा अंक बदलला. पुन्हा द्यावी लागेल?

होय. शुभारंभाची जाहिरात देण्यापूर्वी.

प्रश्न : नाटकाला जीएसटी नसतो असं व्यवस्थापक म्हणतात. खरं ना?

अर्धं खरं. माणशी पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला माफी आहे, त्यावरच्या तिकिटाला नाही. आणि माफी असलेल्या तिकिटांपोटी, जाहिरातीवर किंवा भाड्यावर तुम्ही भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो खर्च धरूनच प्रयोगाचं गणित मांडा. पुढच्या तीन रांगांचे दर वाढवण्याआधी सीएला विचारा, व्यवस्थापकांना नव्हे.

प्रश्न : निर्माती मीच, प्रमुख भूमिकाही माझीच. मग स्वतःची नाइट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, कशाला लावायची?

लावाच. नाइट घेतली नाही तर नाटक फायद्यात आहे असा भास होतो. उद्या मालिकेच्या तारखांमुळे तुमच्या जागी दुसरी नटी उभी करावी लागली की तिची नाइट आणायची कुठून?

प्रश्न : एक गृहस्थ शासकीय अनुदान हमखास मिळवून देतो म्हणतात. रकमेचा काही भाग आगाऊ मागतात. द्यावा का?

दारातूनच परत पाठवा. चित्रपट तयार झाल्यावर परीक्षण होतं, दर्जा ठरतो, मग अनुदान. हमी देण्याचा अधिकार कुठल्याच मध्यस्थाला नाही. अनुदान जमेला धरून अंदाजपत्रक करणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. योजनेच्या अटी चित्रनगरीच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. पैसे घेऊन महोत्सवात पारितोषिक ‘मिळवून देणारे’ याच माळेतले मणी.

प्रश्न : पती अभिनेते आहेत. चित्रपटासाठी राहतं घर तारण ठेवायचं म्हणतात. सगळे दादा कोंडक्यांचं उदाहरण देतात.

ताई, सही करू नका. दादा कोंडके १९७१ मध्ये निर्मितीत उतरले आणि यशस्वी झाले, म्हणून तर ते उदाहरण तोंडपाठ आहे. दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीनेही रंगभूमी गाजवल्यावर १९३०च्या दशकात चित्रपटात उडी घेतली होती. त्यात ती कर्जात बुडाली, ते मात्र कुणी सांगत नाही. तिकिटाच्या पैशातून आधी कर जातो, मग थिएटरचा वाटा, मग वितरकाचं कमिशन आणि प्रसिद्धीचा खर्च. निर्माता रांगेत शेवटी. घर दोघांच्या नावावर असेल तर तुमच्या सहीशिवाय बँक पुढे जाणार नाही. एकट्या त्यांच्या नावावर असेल तर याच आठवड्यात वकिलाला भेटा. जामीनदार म्हणूनही सही नको.

प्रश्न : आमच्या चित्रपटात बैलगाडीचं एक दृश्य आहे. त्यालाही परवानगी?

हो, पशुकल्याण मंडळाची, आणि चित्रीकरणाआधी. सेन्सॉरच्या वेळी ते पत्र मागतात. दृश्य उरकूनच प्रश्न विचारला असेल, तर संकलकाला थांबवा आणि वकील गाठा.