फायबर बॉडीची जुनी सान स्टॉर्म गोव्यात घ्यावी का? गंजाची भीती नाही ना?

बॉडीला नाही, खालच्या लोखंडाला आहे, आणि लोक नेमकं तेच बघत नाहीत. १९९८ ची ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, साधारण ६० हॉर्सपॉवर. म्हणजे रूप स्पोर्ट्स कारचं, वेग बेताचाच. गाडी लिफ्टवर चढवून चासी (खालचा लोखंडी सांगाडा) आणि सस्पेन्शनचे माउंट स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, ब्रेकच्या नळ्या मात्र न टोचता नीट निरखून बघा. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस तिथेच लागतो.

दिवे मंद किंवा लुकलुकत असतील तर आधी अर्थिंगची वायर तपासा. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थिंग लागते आणि तिचं टोक गंजून हिरवं पडतं.

जेलकोटला, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थराला, तडा असेल तर नुसती पुट्टी भरू नका, तो परत उघडतो. आतून घासून ४५० ग्रॅमच्या मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे, चौरस मीटरला ४५० ग्रॅम) दोन-तीन थर द्या. एक किलो पॉलिएस्टर रेझिनला १० ते २० ग्रॅम हार्डनर. जास्त घातलंत तर तापून चिरतं. हे काम पावसाळ्यात नकोच, दमट हवेत रेझिन नीट सुकत नाही. गॅरेजवाल्यापेक्षा होड्यांचं फायबर करणारा मिस्त्री गाठा.