माझदा एमएक्स-५ : परवडणाऱ्या उघड्या स्पोर्ट्स कारची जडणघडण

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदाने एक लहानशी, कापडी टपाची, दोन आसनी गाडी मांडली. अमेरिकेत ती मिआटा, जपानमध्ये युनोस रोडस्टर आणि अन्यत्र एमएक्स-५ या नावाने विकली गेली. तिच्याविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : ही गाडी म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची नक्कल आहे, असे वाचनात येते. हे कितपत खरे आहे? (एक वाचक, नाशिक)

मूळ कल्पना ब्रिटिशांची होती, हे निर्विवाद आहे. पण म्हणून या गाडीला नक्कल म्हणणे मला अन्यायाचे वाटते. लोटस एलान, एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर या तिन्ही गाड्या १९६२ साली आल्या. पुढे लहान इंजिन, मागच्या चाकांना गती, दोन आसने आणि हाताने मागे सारता येणारा टप, अशी त्यांची साधी मांडणी होती. एमजीबी आणि स्पिटफायर यांचा मोठा ग्राहकवर्ग अमेरिकेत होता. सत्तरच्या दशकात तिथे धूर आणि टक्कर यांविषयीचे नियम कडक झाले, तेव्हा या दोन्ही गाड्या बनवणाऱ्या ब्रिटिश लेलँड कंपनीने नवी गाडी घडवण्याऐवजी जुन्या एमजीबीलाच जाड रबरी बंपर लावले आणि तिची जमिनीपासूनची उंची वाढवली. अमेरिकेसाठीच्या गाडीत इंजिनाची ताकदही घटली. १९८० मध्ये एमजीबी आणि स्पिटफायर या दोघींचेही उत्पादन थांबले. अशी गाडी हवी असणारे लोक मात्र होते तिथेच होते.

बॉब हॉल या अमेरिकन मोटार पत्रकाराने नेमके हेच ओळखले. १९७९ मध्ये त्याने माझदाचे केनिची यामामोतो यांच्यासमोर अशा गाडीची कल्पना मांडली. यामामोतो हे रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या चक्राने चालणारे, इंजिन यशस्वी करून दाखवणारे अभियंते होते आणि पुढे १९८४ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले. जपानमधील हाकोनेच्या डोंगरी रस्त्यांवर त्यांनी स्वतः एक स्पिटफायर चालवून पाहिली आणि त्या अनुभवाने त्यांचे मन या कल्पनेकडे वळले. दरम्यान हॉल माझदाच्या कॅलिफोर्नियातील कार्यालयात रुजू झाला होता. त्यानंतर कंपनीने टोकियो आणि कॅलिफोर्निया येथील पथकांमध्ये स्पर्धा लावली. टोकियोच्या पथकाने एक आराखडा पुढच्या चाकांना गती देणारा आणि दुसरा मध्यभागी इंजिन असलेला असे दोन मांडले. कॅलिफोर्नियाचे पथक पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना गती या जुन्या मांडणीवर ठाम राहिले आणि जिंकले. चालता नमुना इंग्लंडमधील वर्दिंग येथे एका बाहेरच्या संस्थेकडून बांधून घेतला गेला, तो १९८५ मध्ये सांता बार्बराच्या रस्त्यांवर चालवून पाहिला गेला, आणि मग तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखाली हिरोशिमात खरी गाडी घडली.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. पहिल्या गाडीची ताकद फार नव्हती, तरी तिचे इतके कौतुक का होते? आणि किंमत कमी कशी ठेवता आली? (एक वाचक, ठाणे)

तुमचे दोन्ही प्रश्न खरे तर एकच आहेत, कारण ज्या निर्णयाने गाडी स्वस्त राहिली त्याच निर्णयाने ती चालवायला उत्तम झाली. इंजिन नवे घडवले नाही. माझदाच्या ३२३ या कौटुंबिक गाडीच्या इंजिनकुळातले १.६ लिटरचे इंजिन घेऊन ते गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवले. अमेरिकेतील गाडीत त्याची ताकद ११६ अश्वशक्ती होती. तिथे वाचलेला पैसा चालकाच्या हातापायांना जाणवेल अशा ठिकाणी लावला. साध्या गाड्यांमध्ये चाक सांभाळायला स्ट्रट हा स्वस्त, एकाच खांबासारखा आधार वापरतात, पण येथे चारही चाकांना दुहेरी विशबोनचे, म्हणजे वर आणि खाली अशा दोन आडव्या भुजांचे, सस्पेन्शन दिले. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत गती वाटणारा भाग) यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब चौकट बसवली. त्यामुळे ॲक्सिलरेटरवर पाय पडताच मधली ढिलाई न जाणवता गाडी ओढ घेते. गिअरचा दांडा अगदी थोडक्या अंतरात हलेल असा ठेवला आणि एक्झॉस्टचा आवाजही जाणीवपूर्वक जुळवला. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत या अर्थाचा ‘जिन्बा इत्ताई’ हा जपानी शब्दप्रयोग हिराई यांनी ध्येय म्हणून समोर ठेवला होता.

या सगळ्याच्या मुळाशी वजन आहे. गाडी हजार किलोच्या आत राहिली. इंजिन अधिक ताकदवान केले की गिअरबॉक्स दणकट लागतो, ब्रेक मोठे लागतात, टायर रुंद लागतात, त्यासाठी सांगाडा जाड करावा लागतो आणि वाढलेल्या वजनासाठी पुन्हा ताकद हवी होते. हे चक्र सुरूच होऊ द्यायचे नाही, हे मला या गाडीतले सर्वांत मोठे अभियांत्रिकी शहाणपण वाटते. अमेरिकेतील सुरुवातीची किंमत होती १३,८०० डॉलर.

प्रश्न : पुढच्या पिढ्यांमध्ये ही गाडी बिघडत गेली का? बॉनेटमधून वर येऊन पुन्हा आत मिटणारे, उघडझाप करणारे पुढचे दिवे का काढले? (एक वाचक, पनवेल)

दिवे १९९८ च्या दुसऱ्या पिढीत गेले. स्थिर दिव्यांमुळे वजन आणि गुंतागुंत कमी झाली, शिवाय पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियमही त्याच दिशेने चालले होते. पहिल्या गाडीचा चेहरा मला आजही अधिक प्रिय आहे, पण निर्णय योग्य होता. २००५ च्या तिसऱ्या पिढीत गाडी वाढली, तरीही ताकाओ किजिमा यांच्या पथकाने ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब ठेवला. आतल्या आरशाचेही ८४ ग्रॅम वजन कमी केले. २०१५ ची चौथी पिढी मात्र खरोखर मुळाकडे परतली. ३,९१५ मिलिमीटर लांबीमुळे ती चारही पिढ्यांत सर्वांत आखूड ठरली आणि आधीच्या गाडीपेक्षा १०० किलोहून अधिक हलकी झाली. २००० साली ५,३१,८९० गाड्यांसह सर्वाधिक खपाच्या दोन आसनी स्पोर्ट्स कारचा गिनीज विक्रम या गाडीच्या नावावर झाला होता. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली.

प्रश्न : उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली गाडी तयार असूनही ती भारतात का आली नाही? (एक वाचक, कोल्हापूर)

जपान आणि ब्रिटनसाठी उजव्या स्टिअरिंगची गाडी पहिल्यापासून बनत होती, तेव्हा अडचण स्टिअरिंगची नव्हती. आपल्याकडे माझदाचे नाव ‘स्वराज माझदा’च्या ट्रक आणि मिनीबसमुळे घरोघरी पोहोचले, पण मोटारी विकण्याचा कारभार कंपनीने येथे उभारला नाही. पूर्ण बांधलेली गाडी आयात केली की भारी करामुळे ‘परवडणारी’ हा तिचा गुणच संपतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म ही फायबरग्लासची दोन आसनी उघडी गाडी भारतात निघाली. तिला रेनॉचे १.२ लिटरचे इंजिन होते आणि गती पुढच्या चाकांना होती. प्रयत्न मनापासून कौतुकास्पद होता, पण तिला मोठा ग्राहकवर्ग लाभला नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. कंपनीच्या नावात संस्थापक जुजिरो मात्सुदा यांच्या आडनावाचा ध्वनी तर आहेच, पण पारशी धर्मातील अहुर मझ्द या देवतेचेही स्मरण आहे. मुंबईच्या वाचकांना हा धागा परका वाटू नये.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीची जुनी गाडी घेताना काय पाहावे? (एक वाचक, लेस्टर)

रंग आणि किलोमीटर नंतर पाहा, आधी गंज पाहा. टपावरचे पाणी आसनांमागच्या निचऱ्याच्या नळ्यांतून खाली जाते. त्या पालापाचोळ्याने तुंबल्या की पाणी दाराखालच्या पत्र्याच्या पोकळीत, म्हणजे सिलमध्ये, शिरते आणि पत्रा आतून कुजतो. मागच्या चाकाच्या अलीकडचा भाग बोटांनी दाबून पाहा. तिथे रंगाला फोड दिसला, तर आतले नुकसान त्याहून बरेच मोठे असते. दुसऱ्या पिढीत सांगाड्याच्या पुढच्या लांब दांड्याही गंजतात, आणि तिथल्या हिवाळी रस्त्यांवरच्या मिठामुळे हे लवकर होते. म्हणून गाडी वर उचलून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. १९९१ च्या आधीची गाडी असेल, तर क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुढच्या टोकाशी पुली (पट्ट्याचे चाक) डगमगते का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या, कारण सुरुवातीच्या इंजिनांत ते टोक आखूड असल्याने तिथली खाच झिजते. पहिल्या पिढीच्या टपाची मागची खिडकी प्लॅस्टिकची असते. टप उघडण्यापूर्वी ती झिप ओढून सोडवावी आणि सपाट निजवावी, नाही तर घडीवर ती तडकते.